काटा शून्यावर

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा तिनं एकही आचका दिला नाही. इंग्लंडमधल्या ए-३४ रस्त्यावर, ॲबिंग्डन गावाच्या अलीकडे, चौथ्या गिअरमध्ये, ताशी पंचावन्न मैलांच्या वेगात इंजिनाचा आवाज एकदम तुटला, कुणी किल्ली फिरवून काढून घेतल्यासारखा. मागे ट्रक होता. डावीकडे थांबायची जागा दिसली म्हणून निभावलं. क्लच दाबून गाडी घरंगळत आत नेली, बॉनेट उघडलं आणि वीस मिनिटं नुसती उभी राहिले. मग सेल्फ मारला, तर पहिल्या फटक्यात चालू.

आचका नव्हता, ही सगळ्यात मोठी खूण होती. ती मी त्या दिवशी नीट पाहिली नाही आणि त्यापायी पुढचे अडीच महिने गेले.

गाडी १९७० ची एमजीबी रोडस्टर. दोन सीटा, कापडी टप, १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्याला एसयूचे दोन कार्बोरेटर. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात या गाड्या बनल्या, सगळ्या मिळून पाच लाखांहून जास्त. मी राहते डिडकॉटला, तिथून सहा-सात मैलांवर. पण गाडी घेण्याचं खरं कारण कोल्हापुरात आहे. आमच्या घरी बाबांची अँबेसॅडर होती आणि माझ्या लहानपणीच्या रविवारच्या सकाळी उद्यमनगरात मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये, तेलकट स्टुलावर बसून गेल्या. एमजीबी घेतल्यावर मी इंजिनाचा फोटो पाठवला, तेव्हा मिस्त्रींचा लगेच फोन आला. “ताई, हे तर आपल्या अँबेसॅडरचं इंजिन!” आणि ते अगदी खरं होतं. अँबेसॅडरचं १४८९ सीसीचं जुनं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं इंजिन, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ‘बी-सिरीज’ या एकाच घराण्यातली. मिस्त्रींनी त्यातल्या धाकट्यावर चाळीस वर्षं हात चालवलाय.

तर, वीस मिनिटं थांबल्यावर गाडी चालू झाली. मला लगेच खंबाटकी आठवला. मे महिन्यात पुण्याहून येताना घाट चढताना आमची अँबेसॅडर हमखास मान टाकायची. बाबा खाली उतरायचे, फडकं पाण्यात बुडवून एसी पंपावर, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर, ठेवायचे, आम्ही पोरं कठड्यावर बसायचो, आणि पंप गार झाला की गाडी परत निघायची. तो पंप इंजिनालाच चिकटलेला. टाकीतून पेट्रोल ओढायचा, आणि इंजिनाच्या धगीनं त्याच्या पोटातच पेट्रोलची वाफ व्हायची. वाफ काही पुढे सरकत नाही. म्हणून ओलं फडकं.

गरम झाली, बंद पडली, गार झाली, चालू झाली. मला वाटलं, निदान झालं.

आता लिहिताना कळतं की त्याच दिवशी पाच मिनिटं विचार केला असता तर ही शंका तिथेच मिटली असती. एमजीबीचा पेट्रोल पंप इंजिनावर नसतोच. तो विजेवर चालतो आणि मागे, उजव्या चाकाच्या पुढे, टाकीजवळ बसवलेला असतो. किल्ली फिरवली की टक टक टक वाजतो आणि कार्बोरेटर भरले की गप्प होतो. तो पेट्रोल पुढे ढकलतो, ओढत नाही. दाबाखालच्या नळीत वाफ इतक्या सहज धरत नाही. खंबाटकीचं औषध त्या पंपासाठी होतं, या पंपासाठी नव्हतं.

पण मनात एकदा बसलं की बसलं. त्यात पेट्रोलबद्दल शंका घ्यायला कारणही होतं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल म्हणजे ई-१०, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबराला ते सोसत नाही. मी इंजिनाजवळची नळी कापून पाहिली तर आतली बाजू चिकट झालेली, बोट काळं होत होतं. फिल्टरमध्येही काळे कण. सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या टाकल्या, फिल्टर नवा टाकला, टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र मोकळं आहे ना ते पाहिलं. (ते छिद्र बुजलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि गाडी अर्ध्या-पाऊण तासानं गुदमरते. तेव्हा बंद पडल्यावर झाकण फिरवून ‘सुस्स’ आवाज येतो का ते ऐकायचं. माझ्याकडे आला नाही.) मग कार्बोरेटरकडची नळी काढून काचेच्या बाटलीत सोडली, इंजिन पूर्ण गार, बाजूला आग विझवायचा सिलिंडर ठेवून. हा पंप ताशी पंधरा गॅलन देतो, म्हणजे मिनिटाला लिटरभर. अर्ध्या मिनिटात बाटलीत अर्ध्या लिटरच्या वर पेट्रोल आलं. पंप ठणठणीत.

नळ्या बदलणं गरजेचंच होतं, ते काम वाया गेलं म्हणत नाही. पण गाडी त्याच आठवड्यात वाँटेजकडून येताना परत बंद पडली.

इथे माझ्या हातून दुसरी चूक झाली, आणि ही जास्त महाग पडली. पेट्रोल नाही तर करंट, असं म्हणून मी डेल्कोचं (म्हणजे सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं) सगळं सामान एकदम मागवलं: करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट, कंडेन्सर, रोटर, वर ठिणगीचा जोर तयार करणारी कॉइलही. शनिवारी दुपारी चारही बसवले. गाडी छान सुरू झाली. सोमवारी सकाळी दारातून हलेना. सेल्फ फिरतोय, पंप टकटकतोय, इंजिन पेटत नाही.

आता माझ्यापुढे एकाच्या जागी दोन आजार होते आणि कुठला कुठला ते ओळखायला काही उरलं नव्हतं, कारण चार गोष्टी एका दुपारी बदललेल्या. कॉइलची मुख्य वायर डेल्कोच्या टोपीतून काढून इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली (जाड रबरी मूठ असलेल्या पकडीनं धरायची, हातानं नाही) आणि नवऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी येत होती, पण पिवळसर, बारीक, मेलेली. हवी निळी आणि कडक. टोपी काढून पॉइंटकडे पाहिलं तर ते उघडताना त्यांच्यामध्येच लखलखाट. ही कंडेन्सर गेल्याची खूण उद्यमनगरात पोराटोरांनाही पाठ असते. पॉइंट उघडताना वाहता करंट मध्येच उडी मारू पाहतो, कंडेन्सर तो स्वतःमध्ये घेतो आणि म्हणून कॉइलमधला करंट झटक्यात तुटतो. झटका जेवढा कडक, तेवढी ठिणगी कडक. कंडेन्सर मेला की सगळा जोर पॉइंटवरच जळून जातो.

ड्रॉवरमधला जुना कंडेन्सर काढला, बाहेरूनच कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला चिमट्यांनी जोडला. गाडी चालू. दोन दिवसांचा नवा कंडेन्सर मेला होता आणि काढून टाकलेला जुना जिवंत होता. तेव्हापासून चालतं जुनं सामान मी कधी फेकत नाही. काढते, चिठ्ठी चिकटवते, डब्यात ठेवते. त्या दिवशी सगळं जुनं सामान परत बसवलं आणि मूळ आजाराशी नव्यानं सुरुवात केली.

त्या रात्री मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी वय सत्तरीपार झालं तरी गॅरेज सोडलेलं नाही. बाबाही शेजारी येऊन बसलेले. मी सगळी कहाणी सांगितली. मिस्त्रींनी ती मध्ये न बोलता ऐकली आणि मग विचारलं,

“बंद पडली की लगेच सेल्फ मारता, का थांबता?”

“थांबते.”

“का?”

“गार व्हायला.”

“गार झाली म्हणून चालू होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

मी गप्प. बाबा म्हणाले, “अरे, आपली व्हायची ना खंबाटकीला.” मिस्त्री म्हणाले, “आण्णा, ती चढावर बंद पडायची. ताई, तुमची चढावर पडते का?”

मला आठवेना. अडीच महिन्यांत आठ-नऊ वेळा गाडी बंद पडली होती आणि एकदाही मी रस्ता चढाचा होता का उताराचा हे पाहिलं नव्हतं.

“आता काहीही खोलू नका,” मिस्त्री म्हणाले. “पाना हातात घ्यायचा नाही. नुसती चालवा आणि बघा. पाय कुठं होता, रस्ता कसा होता. बंद पडली की थांबायचं नाही, लगेच सेल्फ.”

मग मी वही केली. पंधरा दिवस रोज संध्याकाळी, रहदारी कमी झाली की, वाँटेजहून न्यूबरीकडे जाणाऱ्या बी-४४९४ वर गाडी काढायची. हा रस्ता वाँटेज सोडलं की रिजवेच्या टेकड्यांवर चढतो, त्यामुळे चढ, सपाटी, उतार सगळं एकाच फेरीत मिळतं. त्या पंधरा दिवसांत गाडी सहा वेळा बंद पडली, आणि प्रत्येक वेळी मला चक्क आनंद झाला, कारण नोंद मिळत होती.

सहाही वेळा रस्ता सपाट किंवा सौम्य उताराचा. चढावर, पाय दाबून, एकदाही नाही. पेट्रोल कमी पडत असतं तर नेमकं उलट झालं असतं. इंजिनाला जास्त हवं असताना ते चढावर अडखळलं असतं. सहाही वेळा ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम ठेवलेला. तिसरी वेळ सोडून पाच वेळा थांबल्याबरोबर सेल्फ मारला आणि पाचही वेळा ताबडतोब चालू. म्हणजे त्या वीस-वीस मिनिटांच्या वाट पाहण्याचा आणि गाडी चालू होण्याचा काही संबंध नव्हता. मी थांबत होते म्हणून मला तो दिसत होता.

तिसऱ्या वेळी एक नवीन गोष्ट घडली. बंद पडल्यावर घाबरून क्लचऐवजी ॲक्सिलरेटरच जोरात दाबला गेला, आणि सायलेन्सरमधून धडाड असा बार होऊन इंजिन परत पेटलं. हा बार मला फार आवडला. ठिणगी नसलेल्या वेळात न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठत राहतं आणि ठिणगी परत आली की तिथे पेटतं. याचा अर्थ पेट्रोल येतच होतं.

पण सगळं ठरवलं ते काट्यानं. या सालच्या एमजीबीत इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या पाठीमागे कॉइलकडे जाणाऱ्या पांढऱ्या वायरचा वेढा असतो. त्या वायरमधून करंटचे जे ठोके जातात त्यांवर तो काटा चालतो. पेट्रोल संपून इंजिन मरत असेल आणि गाडी गिअरमध्येच धावत असेल, तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पॉइंट उघडझाप करत राहतात, ठोके जात राहतात आणि काटा वेगाबरोबर हळूहळू उतरतो. ठोकेच थांबले तर काटा जागच्या जागी पडतो. पाचव्या वेळी मी ठरवून क्लच दाबला नाही. गाडी चौथ्यात पंचेचाळीस मैलांनी पळत होती, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत होतं, आणि काटा शून्यावर टेकलेला होता.

सहाव्या वेळी त्याच क्षणी उजवा इंडिकेटर लावला. तो व्यवस्थित उघडझाप करत राहिला. इंडिकेटरची हिरवी वायर फ्यूजमधून त्याच पांढऱ्या वायरवर येते, म्हणजे किल्लीचा स्विच आणि पांढरा पुरवठा संशयातून सुटला. राहिलं काय? कॉइल, कॉइलपासून डेल्कोपर्यंतची वायर, आणि डेल्कोच्या आत जे काही आहे ते. आख्ख्या गाडीतला जेमतेम दोन फुटांचा रस्ता. डिडकॉटला परत येताना मी गाडीत मोठ्यानं गात होते.

तरी शेवटचं पाऊल अवघड गेलं, कारण दारात उभी असताना गाडी काही केल्या बंद पडेना. कॉइल गरम असताना मोजली, तीन ओहमच्या जवळपास, बरोबर. वायरी हलवल्या, ओढल्या, इंजिन तासभर चालू ठेवलं. काही नाही. टोपी काढून डेल्कोत पाहत बसले. रस्त्यावर असं काय होतं जे दारात होत नाही?

व्हॅक्यूम. डेल्कोच्या बाजूला एक चपटी डबी असते, तिच्यातून बारीक नळी कार्बोरेटरकडे जाते. पाय हलका ठेवून चालवताना कार्बोरेटरजवळ ओढ तयार होते, डबीतला पडदा खेचला जातो आणि पॉइंट ज्या पत्र्यावर बसवलेत तो पत्रा थोडा फिरतो, म्हणजे ठिणगी थोडी आधी पडते आणि पेट्रोल वाचतं. पाय पूर्ण सोडलेला असेल, गाडी जागेवर उभी असेल, तर ओढ जवळपास नाही. पाय पूर्ण दाबला तरीही ओढ ओसरते. माझ्या वहीतली प्रत्येक ओळ त्या पत्र्याच्या हालचालीशी जुळत होती, बार धरून. पॉइंटकडे येणारी वायर त्या पत्र्याबरोबर दिवसातून हजारदा वाकते.

मिस्त्री म्हणाले, “खोलायच्या आधी खात्री करा. नळी काढा, तोंड बंद करा, चार दिवस चालवा.” चार दिवसांत शंभरावर मैल चालवली. पेट्रोल थोडं जास्त प्यायली असेल, पण एकदाही बंद पडली नाही. पाचव्या दिवशी नळी परत जोडली, आणि घरापासून नऊ मैलांवर काटा शून्यावर. या वेळी मात्र सेल्फ मारला तरी चालू होईना, आणि सेल्फ फिरत असताना काटा थरथरलाही नाही.

आता घाबरायचं कारण नव्हतं. टेस्ट दिव्याचा चिमटा बॉडीला लावला, किल्ली फिरवून कॉइलच्या पांढऱ्या वायरच्या टोकाला टोचलं: दिवा लागला. डेल्कोकडच्या टोकाला टोचलं: लागला. हातानं इंजिन फिरवून पॉइंट मिटवले. आता या टोकाचा करंट पॉइंटमधून जमिनीत जायला हवा आणि दिवा विझायला हवा. तो लागलेलाच राहिला. रस्ता कॉइलच्या पलीकडे तुटला होता. टोपी काढून डेल्कोच्या आतली वायर बोटानं जरा वळवली, दिवा विझला. नळी काढून बुजवली आणि त्याच अवस्थेत घरी आले.

घरी फोन बोनेटवर टेकवून ठेवला, पलीकडे मिस्त्री आणि बाबा. मल्टिमीटरचं एक टोक डेल्कोच्या बाहेरच्या पिनला, दुसरं पॉइंटच्या पत्तीला, आवाजावर लावलेला. अखंड ‘टीं’ वाजत होतं. मिस्त्री म्हणाले, “आता नळी तोंडात धरा आणि ओढा.” मी ओढली, पत्रा फिरला आणि आवाज तुटला. जिभेनं नळी बंद धरून ठेवली, शांतता. सोडली, ‘टीं’. परत ओढली, शांतता. बाबा पलीकडून म्हणाले, “बघ, सापडली!”

ती वायर बोटभर लांबीची. बाहेरून प्लॅस्टिक अख्खं, एक चीरही नाही. दोन्ही टोकं धरून ओढली तर रबरासारखी मधोमध ताणली गेली, कारण आत तांबंच उरलं नव्हतं. पूर्वी कधीतरी कुणीतरी मूळची वायर बदलून तिथे साधी, मोजक्या जाड तारांची वायर घातलेली होती. इथे लागते ती फार बारीक, भरपूर तारांची, लोकरीच्या धाग्यासारखी मऊ. साधी वायर वाकून वाकून एका ठिकाणी मोडते आणि प्लॅस्टिक तिला झाकून ठेवतं. त्याच पत्र्याला जमिनीशी जोडणारी एक छोटी विणलेली पट्टीही असते, तीही अर्धी उसवलेली निघाली. दोन्ही नवीन घातल्या, पत्रा पूर्ण फिरवून वायर कुठे अडकत नाही ना ते पाहिलं, पॉइंटमधलं अंतर ०.३८ मिलिमीटर ठेवलं, टायमिंग तपासलं. एकूण काम दीड तासाचं.

त्यानंतर आठशे मैल झालेत. बी-४४९४ च्या त्या उतारावर अजूनही माझी नजर आपोआप काट्याकडे जाते. मागच्या कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर जरा पाझरतो, ते काम पुढच्या रविवारी.

मोडकी वायर काडेपेटीत ठेवली आहे. डिसेंबरात कोल्हापूरला जाताना न्यायची आहे. मिस्त्रींनी ती मागून घेतली आहे, गॅरेजमधल्या नव्या पोरांना ताणून दाखवायला.